बार उडाल्यानंतर

सोलापूर,
१२ डिसेंबर

चि. भाच्यास,


इंग्लंडात ज्याला ‘फॉक्स’ म्हणतात, तो महाराष्ट्रातला कोल्हा नव्हे. ते तांबडे खोकड. आंबट द्राक्षांच्या गोष्टीत मराठीने त्याला कोल्हा केले, तेच नाव रूढ झाले. कोंबड्या, नवजात कोकरे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांवर ते हात मारते, म्हणून तिकडचा शेतकरी त्याच्यावर बंदूक धरतो. कुत्र्यांच्या झुंडीने केलेली शिकार २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये बंद झाली. रायफलची शिकार कायदेशीर राहिली. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये खोकड मारणे हा गुन्हा आहे.

इंग्लंडातली ही शिकार बहुधा रात्रीची. विजेरीच्या झोतात डोळे चमकतात किंवा उष्णतादर्शक दुर्बिणीत आकृती दिसते. खोकडाचे वजन साधारण पाच ते सात किलो असते. हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे ते मोठे भासते. प्रत्यक्षात छातीतली वर्माची जागा तळहाताएवढीच. त्यासाठी .२२३ किंवा .२४३ कॅलिबरची रायफल वापरतात.

गोळी लागली की नाही, हे प्रथम कानाला कळते. दीडशे मीटरवरच्या सावजाला गोळी लागल्याचा ‘थप्प’ आवाज बारानंतर अर्ध्या सेकंदाहून किंचित उशिरा परत येतो. छातीचा आवाज भरीव, पोटाचा पोकळ आणि ओला. गोळी मातीत गेली तरी आवाज होतोच, म्हणून एकट्या कानावर विसंबता येत नाही.

त्यानंतर डोळ्याचे काम. मेंदूला किंवा मणक्याला गोळी लागली की सावज जागीच कोसळते. मेंदूला लागल्यावरही पाय झाडले जातात, शेपूट हलते. ती मज्जातंतूंची आपोआप होणारी हालचाल असते. हृदय वा फुप्फुस फुटलेले खोकड अनेकदा जागीच पडते. पण मेंदूतला प्राणवायू संपेपर्यंत दहा-पंधरा सेकंद भरधाव पळूही शकते. पोटाला लागले तर पाठ कमानीसारखी वाकते, ते कुशीला चावा घेते आणि जड पावलांनी झुडपाकडे जाते. पाय मोडला असेल तर तो लोंबतो आणि उरलेल्या तीन पायांवर ते आश्चर्य वाटावे इतक्या वेगाने निसटते.

सर्वांत फसवा तो मणक्याच्या वरच्या काट्याला चाटून गेलेला नेम. धक्क्याने खोकड वीज पडल्यासारखे आडवे होते आणि शिकारी रायफल खाली ठेवतो न ठेवतो तोच उठून पसार होते. म्हणून जागीच पडलेल्या सावजावरही दुसऱ्या गोळीची तयारी ठेवावी लागते. उलट, काहीच न झाल्यासारखे पळालेले खोकड वाचले असेही धरता येत नाही. जागेवर जाऊन पाहावे लागते.

जमिनीवरची खूण शेवटची साक्ष देते. जर्मन शिकाऱ्यांनी या विद्येची वेगळी परिभाषाच घडवली आहे. जखमी सावजाच्या रक्ताला ते ‘घाम’ म्हणतात. फिकट गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचे. काळपट लाल यकृताचे. हिरवट-तपकिरी, दुर्गंधीयुक्त पाणी पोटाचे. हाडाचा चुरा पायाकडे बोट दाखवतो. सावज दिसेनासे झाले, तर गोळी लागली ती जागा खुणेच्या झाडाशी ताडून ठेवतात. पोटाला लागल्याची शंका असेल तर लगेच मागे लागत नाहीत. हुसकले गेलेले जनावर दूर जाते. थोड्या वेळाने माग काढणारा कुत्रा सोडतात.

सापडलेल्या खोकडाकडे पाठीच्या बाजूने जातात आणि काठीच्या टोकाने उघड्या बुबुळाला स्पर्श करतात. पापणी लवली तर आणखी एक गोळी झाडावी लागते; लवली नाही तर प्राण गेलेला असतो.

तुझा,
मामा