हप्त्याहप्त्याने जमणारी फौज

जानेवारी उजाडला की इंग्लंडमधल्या पेपरच्या दुकानांत मोठ्या पुठ्ठ्यांवर चिकटवलेले अंक येऊन पडतात. अंक अगदी पातळ, पाठचा पुठ्ठा मात्र एवढा की दुकानातून बाहेर पडताना आडवा धरावा लागतो. त्या पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या पाकिटात पहिला तुकडा असतो: कुठे जुन्या मोटारगाडीचं चाक, कुठे क्रोशाची सुई आणि लोकर, कुठे करड्या प्लास्टिकचे तीन शिपाई. पुढच्या आठवड्यात पुढचा तुकडा. दीड-दोन वर्षं नेमाने घेत राहिलं की गाडी उभी राहते, गोधडी पुरी होते, फौज तयार होते. याला इथे पार्टवर्क म्हणतात. नाताळचा खर्च उरकून लोक नवे संकल्प करतात तेव्हा, आणि उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडतात तेव्हा, असे याचे दोन हंगाम.

चाल जुनीच आहे. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६ पासून अशीच एकेका शिलिंगाच्या मासिक भागांतून निघाली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून आठवड्याआठवड्याला वाचकांच्या हाती पडत. शिपायांच्या अंकात पुढचं प्रकरण वाचून भागत नाही, ते जोडावं आणि रंगवावं लागतं.

मी नॉटिंगहॅममध्ये राहते. ज्या मालिकेची वर्गणी मी भरली तिचं नाव ‘वॉरहॅमर एज ऑफ सिग्मार: मॉर्टल रेल्म्स’. हॅशेट कंपनीने काढलेली, ८० अंकांची, आणि टाळेबंदीच्या काळातही चालू राहिलेली. वर्गणीदारांना महिन्यातून एकदा चार अंकांचं खोकं घरपोच येई. एका बाजूला सोनेरी चिलखतातले स्टॉर्मकास्ट योद्धे, दुसऱ्या बाजूला नाइटहॉन्ट, म्हणजे फाटक्या कफन्या पांघरून हवेत तरंगणारी भुतं. सोबत रंगांच्या चिमुकल्या डब्या, कुंचले, कागदी मैदानं आणि खेळाचे नियम.

याला सापळा म्हणणारे पुष्कळ आहेत. पहिला अंक दोन-तीन पौंडांना मिळे, पुढे किंमत आठ-नऊच्या घरात जाई, आणि ८० अंकांची बेरीज सहाशे पौंडांच्या वर भरे. हा हिशेब खरा आहे आणि वर्गणी भरण्याआधी प्रत्येकाने तो कागदावर मांडावा. पण दुसराही हिशेब आहे. प्लास्टिकच्या मूर्ती पोलादी साच्यातून निघतात. साचा घडवायला फार खर्च येतो. एकदा तो वसूल झाला की पुढची प्रत जवळजवळ प्लास्टिकच्याच भावात पडते. पार्टवर्कमध्ये बहुतेक अशाच आधी बाजारात येऊन गेलेल्या मूर्ती असतात. म्हणून दुकानात त्याच मूर्ती, तेच रंग सुटे घ्यायला गेलं तर बऱ्याच महाग पडतात.

पैशांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. मूर्ती रंगवण्याच्या या छंदातल्या प्रत्येकाच्या घरी न रंगवलेल्या मूर्तींचा एक ढीग असतो, करडा, खोक्यांतून न निघालेला. एकदम शंभर शिपाई घरात आणले की पहिल्याला हात लावायची हिंमत होत नाही. अंक मात्र तीनच शिपाई देतो, दोन रंग देतो आणि आठवडा देतो. निळा कुठे लावायचा ते सांगतो. पुढच्या अंकात सोनेरी रंग येतो, त्यापुढच्यात सावली धरणारा पातळ वॉश. परक्या गावात हात धरून शिकवणारं कोणी नसताना मला हे कौशल्य अशा बेताबेताने मिळालं. ज्यांनी अंकांची ही रचना केली त्यांना शिकवणं म्हणजे काय ते उमगलेलं होतं, असं मी मनापासून म्हणते.

या छंदाला नॉटिंगहॅमइतकं जवळचं गाव दुसरं नाही. आपल्याकडे हे नाव घेतलं की रॉबिन हूड किंवा ट्रेंट ब्रिजचं मैदान आठवतं. इथल्या लोकांना आठवतात कारखाने. लेसच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या लाल विटांच्या इमारतींत आता घरं आणि कॉफीची दुकानं आहेत. रॅलेच्या सायकली इथे बनत. त्या कारखान्याच्या जागेवर विद्यापीठाचा जुबिली कॅम्पस उभा आहे. प्लेअर्सच्या सिगरेटींचा हॉरायझन कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. हातांना काम देणारं एकेक नाव पुसलं जात असताना लेंटन भागातला एक धंदा मात्र वाढत गेला: बोटाएवढ्या शिपायांचा.

गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनला तीन मित्रांनी सुरू केली. मूर्ती ओतणारी तिची शाखा, सिटाडेल मिनिएचर्स, १९७९ मध्ये इथून जवळच नेवार्कला निघाली. १९८३ मध्ये वॉरहॅमर हा खेळ आला, १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’, आणि कंपनीने बस्तान नॉटिंगहॅमला हलवलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिची गणना लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांत झाली. लेंटनला ‘वॉरहॅमर वर्ल्ड’ आहे. दाराशी ‘वॉरहॅमर ४०,०००’मधल्या स्पेस मरीन योद्ध्याचा भलाथोरला पुतळा, आत काचेआड हजारो मूर्तींनी मांडलेल्या लढाया. देशोदेशींचे लोक तिथे मुद्दाम येतात.

मला त्याहून मोलाची वाटते ती आजूबाजूची वस्ती. या कंपनीत तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी आपापली दुकानं थाटली. पेरी हे जुळे भाऊ, वॉरलॉर्ड, मँटिक, फाउंड्री, सगळे नॉटिंगहॅमच्या परिसरातले. धातूची मूर्ती ओतायला पोलादी साचा लागत नाही. रबराच्या तबकडीत साचा उठवतात, ती गरगर फिरवत मधोमध वितळलेला धातू ओततात, आणि तो कडेकडेच्या पोकळ्यांत जाऊन बसतो. हे काम एखाद्या गॅरेजातही होतं. सुरुवातीच्या मूर्तींत शिसं असायचं, त्यामुळे या टापूला छंदवाले अजूनही ‘लेड बेल्ट’ म्हणतात.

मूर्ती हाती येते ती सुटी नसते. मुंडकं, हात, ढाल, सगळं एका चौकटीत अडकलेलं असतं. तिला स्प्रू म्हणतात. सपाट तोंडाच्या कटरने एकेक भाग तोडायचा. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे अंगावर केसाएवढी रेघ उठलेली असते, ती सुरीच्या पात्याची पाठ फिरवून खरवडायची. गोंद असा की तो प्लास्टिकला वितळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. मग प्रायमरचा फवारा. दमट हवेत तो दाणेदार बसतो, त्यामुळे हिवाळ्यात कोरड्या दिवसावर डोळा ठेवावा लागतो. रंग डबीतून थेट लावायचा नाही. पाणी घालून पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे, म्हणजे चिलखतावरची नक्षी बुजत नाही. त्यावर वॉश सोडला की तो आपसूक घड्यांत, खाचांत उतरतो आणि सपाट वाटणाऱ्या अंगाला खोली येते. शेवटी कुंचला जवळजवळ कोरडा पुसून घेऊन उंचवट्यांवरून झटकायचा. यालाच ड्रायब्रश म्हणतात. भुतांच्या फाटक्या कडा त्याने अशा उजळतात की बघत राहावं.

आणि डोळे. माझं माहेर पेणचं. तिथल्या कारखान्यांत गणपतीचं अंग रंगवणारे हात पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी ठरावीक कारागीरच करतात. त्या वेळी बाकीचे बोलणंसुद्धा थांबवतात. लहानपणी दाराशी उभं राहून पाहिलेलं ते काम इथे माझ्या कामी आलं. अठ्ठावीस मिलिमीटरच्या माणसाचा डोळा मोहरीहूनही लहान असतो. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, श्वास सोडून झाला की पांढरी आडवी रेघ ओढायची, ती वाळली की मधोमध काळा उभा ठिपका. रेघ जाड झाली तर वरून-खालून कातडीच्या रंगाने तिला बारीक करायचं. नजर कुठे आहे ते तेवढ्यावर ठरतं, आणि ती बसली की शिपाई जिवंत होतो.

मालिका संपेपर्यंत हात बसला आणि पाय एका क्लबकडे वळले. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी लांब टेबलं जोडतात, वर हिरवं कापड पसरतात. नोकरीच्या जागी माझी ओळख कामापुरती. इथे लोक आधी तुमची मूर्ती उचलून दिव्याखाली धरतात, मग नाव विचारतात. निम्म्या मंडळींचा हात ‘बॅटल गेम्स इन मिडल-अर्थ’वर घडला आहे. २००२ मध्ये डी अगोस्तिनीने काढलेलं ते ९१ अंकांचं पार्टवर्क. तेव्हाची शाळकरी पोरं आता चाळिशीकडे झुकली आहेत आणि आपल्या मुलांना वॉश कसा सोडायचा ते शिकवतात.

तिथेच मला असई भेटली. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ कितीतरी वर्षं एकाच लढाईची फौज रंगवत आहेत: २३ सप्टेंबर १८०३, वेलस्ली विरुद्ध शिंदे आणि नागपूरकर भोसले. माझं सासर भोकरदनचं, असई तिथून लांब नाही. शाळेच्या पुस्तकात ती लढाई दोन ओळींत उरकलेली. या गृहस्थांना शिंद्यांच्या पदरच्या पोलमनच्या कवायती पलटणी कुठे उभ्या होत्या, वेलस्लीने केळणा नदी कुठे ओलांडली, असई गावाच्या माऱ्यात ७४ वी स्कॉटिश पलटण कशी सापडली, सगळं तोंडपाठ. इंग्रजांचे दीड हजारांवर मेले आणि जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकूनसुद्धा वेलस्ली असईलाच आपली सर्वांत सरस लढाई मानत असे, अशी नोंद आहे.

त्यांनी गावाच्या भिंती तांबूस विटकरी रंगवल्या होत्या. मी सांगितलं, मराठवाड्यात जुन्या गढ्या आणि घरं पांढरीच्या मातीची, शिवारं काळीची. तांबडी माती माझ्या कोकणाची. भोकरदनहून मोठ्या जाऊबाईंनी पडक्या गढीचे फोटो पाठवले, ते त्यांनी मोठ्या पडद्यावर लावून ठेवले आणि सगळं गाव पुन्हा रंगवलं. मैदानाला काळा रंग दिल्यावर टेबलाचा नूरच पालटला.

मग तोफांची पाळी आली. शिंद्यांचा तोफखाना देशी कारखान्यांत ओतलेला आणि उत्तम होता. इंग्रजी पायदळ तोफांवर चालून आलं तेव्हा गोलंदाज जागचे हलले नाहीत. काही तोफांपाशीच संगिनींखाली पडले. काही मेल्याचं सोंग घेऊन निपचित पडून राहिले, आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा वळवल्या आणि त्याच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांनी स्वतःच लिहून ठेवलेली ही हकीकत आहे. मला ती या शहरातल्या एका टेबलापाशी प्रथम समजली, आणि ते गोलंदाज मीच रंगवणार असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मूर्ती धातूच्या आल्या, प्रत्येक तोफेमागे चौघे. अंगरखे एकसारखे नकोत, हे मी ठरवलं होतं. धुऊन विटलेला पांढरा, मळका पांढरा, हळदीचा हात लागलेला पांढरा, असे वेगवेगळे हात दिले. दारूने काळवंडलेली बोटं वॉशने आणली. चौघांपैकी एकजण तोफेच्या चाकाशी आडवा पडलेला आहे. मूर्तिकाराने तो मेलेला म्हणून घडवला असणार. मी त्याचे डोळे उघडे आखले, नजर तिरकी, इंग्रजांच्या पाठीकडे.

आता वाद आहे तो नियमांचा. पडलेले गोलंदाज पुन्हा उठतात की नाही हे फाशावर ठरवायचं, इथवर एकमत आहे. त्या गृहस्थांच्या मते पाच किंवा सहा पडले तरच उठावेत, नाहीतर इंग्रजांची बाजू खेळणाऱ्याला डाव जिंकताच येणार नाही. माझं म्हणणं, चार पडले तरी उठावेत. वेलस्लीला त्या दिवशी डाव सोपा नव्हताच, तोफा परत घ्यायला त्याला स्वतः घोडदळ घेऊन माघारी यावं लागलं. येत्या सप्टेंबरात, लढाईच्या तारखेच्या आसपास, टेबल मांडायचं ठरलं आहे. तोवर दोन्ही नियमांनी एकेक डाव खेळून पाहणार आहोत, आणि शिंद्यांची बाजू मी घेतली आहे.