लंडन ते बरुआसागर

वाचकहो, झाशीपासून सुमारे 24 किलोमीटरवर, बेतवेच्या पलीकडे बरुआसागर नावाचे एक लहानसे गाव आहे. ओरछाचे राजे उदितसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांध घालून निर्मिलेला विस्तीर्ण तलाव, त्याच्या काठी उंचावर उभा असलेला किल्ला, जवळच जराईचा मठ म्हणून ओळखले जाणारे प्रतिहारकालीन मंदिर आणि बाजारात आल्याचे ढीग, एवढे त्याचे वैभव. माझी मावशी तेथे राहते. तिची आणि माझ्या आईची अकरा वर्षांत गाठ पडली नव्हती. आईचे वय 76. गेल्या जानेवारीत मी तिला घेऊन लंडनहून निघालो, तेव्हा घरापासून घरापर्यंत सव्वीस तास लागतील असा माझा हिशेब होता. लागले छत्तीस.

पहिली चूक माझीच. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मोठ्या पेटीत ठेवल्या आणि ती पेटी विमानतळावर सामानात दिली. वाटेत एका आखाती शहरी विमान बदलावयाचे होते. पहिले विमान उशिरा पोहोचले. आईला चाकांच्या खुर्चीत बसवून आम्ही धावतपळत दुसरे विमान गाठले; पेटीला मात्र ते जमले नाही, हे पुढे कळावयाचे होते.

पहाटे तीनच्या सुमारास दिल्लीवर आलो, तो खाली काहीच दिसेना. पौष-माघात उत्तरेच्या मैदानात वारा पडला, जमीन निवाली, की दमट हवेचे धुके होऊन ते पहाटे अधिकच दाटते. दिल्लीच्या धावपट्टीवर अशा धुक्यातही उतरण्याची सोय आहे. परंतु विमानात तशी उपकरणे आणि वैमानिकास तसे शिक्षण, दोन्ही असावी लागतात. आमचे विमान जयपूरला नेण्यात आले व तेथे सहा तास उभे राहिले. खाली उतरू देत नव्हते. आईची सकाळच्या गोळीची वेळ टळून गेली. ती काही बोलली नाही. मधूनमधून कपाळ चेपीत राहिली, आणि मला तेवढे पुरे होते.

माझ्या फोनला येथील जाळे मिळेना. शेजारच्या आसनावर ग्वाल्हेरचा एक विद्यार्थी होता. त्याने न मागता आपला फोन पुढे केला. पण मावशीचा क्रमांक पाठ कोणाला? तो माझ्याच फोनात होता, आणि फोनातील शक्ती तोवर संपली होती. शेवटी आईनेच डोळे मिटून तो क्रमांक सांगितला. घंटा वाजत राहिली, उचलला कोणीच नाही. मावशी त्या वेळी देवळात गेली होती.

दिल्लीस उतरेतो दहा वाजून गेले होते. झाशीची सकाळची गाडी केव्हाच निघून गेली होती आणि सामानाच्या पट्ट्यावर आमची पेटी नव्हती. अशा वेळी, वाचकहो, कितीही घाई असो, विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार लेखी नोंदवून तिची प्रत घ्यावी. 1999 च्या माँट्रिऑल कराराप्रमाणे सामान उशिरा मिळाल्यास ते हाती आल्यापासून 21 दिवसांत, मोडतोड झाली असल्यास 7 दिवसांत, लेखी मागणी करावी लागते. भारतात हा करार 2009 पासून लागू आहे. मी हे सर्व करीत असता आईला विमानतळावरील डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब बराच चढला होता. तिच्या इंग्लंडमधील गोळ्यांचे व्यापारी नाव तेथे कोणास ठाऊक नव्हते. परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव होते, अम्लोडिपिन. ते वाचताच औषधविक्रेत्याने गोळ्या काढून दिल्या. ती चिठ्ठी आईने जपून ठेवली होती, मी नव्हे.

मग मोटार केली. आग्रा, ग्वाल्हेर मागे पडले. आई झोपली होती आणि मला विष्णुभट गोडसे आठवत होते. कोकणातील वरसईहून ते 1857 मध्ये याच प्रांताकडे निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि घरच्यांना ते जिवंत आहेत की नाहीत हेही दीर्घकाळ कळले नाही. सहा तास विमानात बसावे लागले म्हणून कुरकुरणाऱ्याने त्यांचा ‘माझा प्रवास’ जरूर वाचावा. आमच्याकडूनही एका घरी दिवसभर बातमी गेली नव्हती. दुपारी अखेर फोन लागला तेव्हा कळले की मावशीचा नातू झाशीच्या स्थानकावर एकामागून एक तीन गाड्या पाहून गेला होता.

झाशी ओलांडून बेतवेच्या पुलावर आलो तेव्हा पुन्हा धुके उतरू लागले होते. रात्री साडेदहाला दारात दिवा दिसला. मावशी ओट्यावर घोंगडी पांघरून बसली होती. दुपारपासून तेथेच, असे नातवाने हळूच सांगितले. तिने आईचा हात धरला, आणि पहिला प्रश्न केला, “गोळी घेतलीस का गं?” नंतर आल्याचा चहा आला.

पेटी सतराव्या दिवशी आली. परतीला दोनच दिवस उरले होते. मावशीसाठी विणलेली लोकरी शाल आईने बाहेर काढली आणि औषधांची पुडी उचलून, माझ्याकडे न पाहता, स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत घातली.