धाकटीची परीक्षा आणि आमचं घर

मैत्रिणींनो, परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आपली मुलं येतात. दहावीचं वर्ष असलं की घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, मुलाच्या हातात दुधाचा पेला आणि आई दाराशी पहाऱ्यावर! पण घरातल्या सुनेचीच परीक्षा असली तर? तिच्या हातात दुधाचा पेला कोण देणार, आणि त्या वेळी पोळ्या कोण लाटणार? हा प्रश्न आमच्या घराला दोन वर्षं पुरला. त्याचं उत्तर आम्हाला कसं सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही पोलादपूरचे. घर इथं, आणि मामंजींचं औषधाचं दुकान महाडला बाजारपेठेत. मधलं अंतर अठरा-वीस किलोमीटर. मामंजींनी एस.टी.नं ये-जा करून ते दुकान उभं केलं. मी बी.ए. झालेली. महाडच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, उरलेला वेळ घर. धाकटी जाऊ बारावी सायन्स झालेली, जीवशास्त्र घेऊन. पण लग्न झालं, मुलगी झाली, आणि ते सायन्स डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिण्यापुरतंच उरलं.

२२ जुलै २०२१ आमच्याकडे कुणीही विसरणार नाही. त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली आणि सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर दुकानात गेलो तेव्हा फळ्यांवर नुसता चिखल. काही पाकिटं वरून कोरडी ठाक दिसत होती. कुणीतरी म्हणालंही, "एवढी तरी पुसून ठेवा." मामंजी म्हणाले, "पुरात बुडालेलं औषध विकायचं नसतं. पाकीट कोरडं दिसलं म्हणून आतली गोळी चांगली असं होत नाही." सगळा माल बाजूला काढला. तो नष्ट करायचा म्हणून याद्या करायला आम्ही दोघी जावा बसलो. त्या आठवड्यात मामंजी एकदम म्हातारे झाले.

दुकान पुन्हा उभं राहिलं, पण मामंजींना दिवसभर उभं राहवेना. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुष्कळ बायकांना ती ठाऊक नसते. औषधाचं दुकान किराणा दुकानासारखं कुणीही चालवू शकत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. दुकानाचा परवाना त्याच्या आधारावर उभा असतो. आमचे भावजी हिशेबात हुशार, पण ते बी.कॉम. म्हणजे मामंजी घरी बसले की दुकानाला कुलूपच.

अशा वेळी मार्ग सुचवणारे पुष्कळ भेटतात. एक गृहस्थ घरी येऊन म्हणाले, "सर्टिफिकेट भाड्यानं मिळतं. महिन्याला ठरावीक रक्कम द्या, भिंतीवर लावा. माणूस यायची गरज नाही." मामंजींनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "भिंतीवरचा कागद चिठ्ठी वाचत नाही. चुकीचा डोस गेला तर कागद जाब देणार आहे का?"

त्या रात्री जेवणं झाल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "मी डी.फार्म. केलं तर?"

घरात शांतता. मग सासूबाई म्हणाल्या, "दुकानात बापये येतात नाही नाही ती औषधं मागायला. तिथं सून उभी करायची?" मामंजी काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जुनी पुस्तकं माळ्यावरून काढून उन्हात घातली. आम्ही काय ते समजलो!

२०२२ साली तिनं प्रवेश घेतला. डी.फार्म. दोन वर्षांचं. त्याची परीक्षा आपल्याकडे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. वर्गातली मुलं अठरा-एकोणीस वर्षांची, आणि ही एका चार वर्षांच्या मुलीची आई. पहिल्या दिवशी तिला कुणीतरी बाई समजून उठून उभं राहिलं म्हणे!

पहिलं वर्ष फार जड गेलं. सकाळचा स्वयंपाक, मुलीची शाळा, एस.टी., कॉलेज, संध्याकाळी परत चूल. अभ्यासाला बसायची ती रात्री अकराला, आणि पुस्तकावरच झोपायची. निकालात औषधी रसायनशास्त्र राहिलं. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "लग्न झाल्यावर डोकं चालत नाही गं." धाकटी माडीवर जाऊन रडली. मला मात्र राग आला. डोकं उत्तम चालत होतं, पण त्या डोक्याला दिवसाचे दोन ताससुद्धा मोकळे मिळत नव्हते.

मग आम्ही घरातल्या सगळ्यांची बैठक घेतली. शाळेत मी वेळापत्रक करते तसं एका कागदावर केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावलं. पहाटे साडेचार ते साडेसहा आणि रात्री आठ ते दहा, हे चार तास धाकटीचे. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, तांदळाच्या डब्याचं झाकण सापडत नसलं तरी. सकाळची भाजी-पोळी माझी, रात्रीची भाकरी सासूबाईंची, पाणी भरणं आमच्या ह्यांचं, मुलीला शाळेत सोडणं-आणणं भावजींचं. पहिला आठवडा सगळं कोलमडलं. भावजींनी मुलीला दोन वेगवेगळे मोजे घालून शाळेत पाठवलं. पण तिसऱ्या आठवड्यापासून घडी बसली.

खरं सांगू? सगळंच काही हसतखेळत झालं नाही. पहाटे उठून कणीक मळताना माडीवरचा दिवा दिसायचा आणि माझ्या मनात यायचं, मलाही बी.एड. करायचं होतं. माझ्या वेळी दाराला असा कागद कुणी लावला नव्हता. धाकटीचा राग नव्हता, पण मनात एक सल होता. जिथं एक बाई शिकते तिथं दुसरी बाई तिचे तास आपल्या अंगावर घेत असते, आणि तिचं नाव कुठल्याच प्रमाणपत्रावर येत नाही. हे एकदा मी धाकटीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, माझी परीक्षा संपली की तुमचा कागद दाराला लागेल." त्या बोलण्यानं माझं ओझं निम्मं उतरलं. मनातलं असं बोलून टाकावं. नाहीतर ते भांड्यांच्या आवाजातून बाहेर पडतं!

अभ्यासात मी तिला काय मदत करणार? माझा विषय मराठी, तिचं सगळं इंग्रजीत. पण एक दिवस तिची औषधांची यादी वाचता वाचता मला गंमत दिसली. अहो, औषधांच्या नावांना आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय असतात! शेवटी 'ओलॉल' आलं, जसं अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, की ते नाडीचा वेग आणि रक्तदाब उतरवणारं. 'प्रिल' आलं, जसं एनालाप्रिल, रॅमिप्रिल, की रक्तदाबाचा दुसरा गट. 'प्राझोल' आलं, जसं ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, की पोटातलं आम्ल कमी करणारं. आम्ही प्रत्ययांचा तक्ताच केला. शंभर नावं पाठ करण्यापेक्षा दहा-बारा प्रत्यय लक्षात ठेवणं किती सोपं!

त्यातला 'झोसिन' हा प्रत्यय तर आमच्या मातीतलाच निघाला. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी. पण तांबड्या विंचवाच्या दंशावर तिचा उपयोग जगाला दाखवला तो आमच्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा कोकणात विंचू चावून माणसं डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रोगी निरखले, टिपणं ठेवली आणि इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात लिहिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सासूबाईंच्या माहेरी विंचवानं गेलेलं मूल त्यांना आठवत होतं. त्यांनी धाकटीकडून ते सगळं दोनदा समजावून घेतलं. मला वाटतं, त्या दिवसापासून सुनेचं शिक्षण त्यांना आपलं वाटू लागलं.

वनौषधींचा विषय तर आमच्या मिसळणाच्या डब्यातच निघाला. हळदीत कर्क्युमिन, लवंगेत युजेनॉल, म्हणून दातदुखीला लवंगेचं तेल. अंगणातल्या सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध निघतं हे ऐकल्यावर सासूबाईंनी त्या रोपाला रोज पाणी घालायला सुरुवात केली. पण धाकटीनं लगेच बजावलं, "आई, रोप वेगळं आणि त्यातून काढून शुद्ध केलेलं औषध वेगळं. पानं कुणाला चावायला देऊ नका हं!"

२०२४ साली दुसरं वर्ष पार पडलं, राहिलेला विषयही सुटला. पाचशे तासांचं प्रत्यक्ष काम तिनं एका रुग्णालयाच्या औषध विभागात केलं. वाटलं, सुटलो. पण आता एक नवी पायरी आली होती. पूर्वी डिप्लोमा मिळाला की राज्याच्या फार्मसी कौन्सिलात नाव नोंदवता येत असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय फार्मसी परिषदेनं नियम काढला, की डिप्लोमानंतर नोंदणीपूर्वी आणखी एक 'एक्झिट' परीक्षा द्यायची. तीन पेपर, चार पर्यायांतून उत्तर निवडायचं, सगळं इंग्रजीत. प्रत्येक पेपरात निदान पन्नास टक्के हवेत, आणि तेही एकाच वेळी तिन्हीत. एकात अडकलं की तिन्ही पुन्हा. ही परीक्षा पहिल्यांदा झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि पहिल्याच तुकडीत आमची धाकटी!

पहिली परीक्षा म्हणजे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका नाहीत, विचारायला कुणी पुढे गेलेलं नाही. आम्हीच प्रश्न तयार केले. मामंजी आरामखुर्चीत बसून कायदा विचारायचे. "शेड्यूल एच-वनच्या नोंदवहीत काय लिहायचं?" धाकटी पोळी उलटता उलटता सांगायची, "रोग्याचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध आणि किती दिलं ते. वही तीन वर्षं जपायची." माझी पुतणीसुद्धा म्हणायची, "तीन वर्षं!"

परीक्षेला चार दिवस असताना त्या पोरीला ताप भरला. धाकटीनं पुस्तकं मिटली. "पुढच्या वेळी देईन," म्हणाली. तेव्हा सासूबाईंनीच मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मी चार वाढवलीत. तू तुझं कर." धाकटीनं मुलीचं वजन बघून औषध मोजून दिलं, वेळा लिहून ठेवल्या आणि परत माडीवर गेली. केंद्र लांब होतं, तीन दिवस लागोपाठ पेपर. भावजी बरोबर गेले, दुकान ते दिवस बंद ठेवलं.

निकाल लागला. तिन्ही पेपर सुटले, एकात तर अगदी काठावर. मग मुंबईच्या महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलात नोंदणी झाली. दुकानात आता तिच्या नावाचं प्रमाणपत्र लागलं आहे, आणि त्याखाली ती स्वतः उभी असते. सासूबाईंना ज्याची धास्ती होती त्याच्या उलटच झालं. आजूबाजूच्या गावांतल्या बायका आता खास तिच्याकडे येतात. अंगावरून जातं, पाळी चुकली, मूल अंगावर पितंय तर ही गोळी चालेल का, हे पुरुषासमोर त्यांना कधी विचारता आलं नव्हतं. ती ऐकून घेते आणि गरज असेल तिला स्पष्ट सांगते, "हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरीणबाईंकडे जा."

तिच्या अभ्यासातून आमच्या घराला लागलेल्या काही सवयी तुमच्याही उपयोगाच्या आहेत. पातळ औषध स्वयंपाकघरातल्या चमच्यानं देऊ नका. चमचे लहानमोठे असतात. औषधाचा एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, बाटलीबरोबरचं मापच वापरा. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणू नका आणि शेजारणीला उसनं देऊ नका. इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. जुलाबावरची क्षारसंजीवनी पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, अंदाजानं नको. आणि औषध घेताना दुकानात विचारा, "फार्मासिस्ट कोण आहेत?" तो तुमचा हक्क आहे.

तुमच्या घरात कुणी सून, जाऊ, नणंद अशी परीक्षेला बसणार असेल, तर तिला "जमेल हो तुला" असं नुसतं म्हणू नका. तिच्या दिवसातले कुठले तास तुम्ही घेणार, ते कागदावर लिहा आणि कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. घरातल्या पुरुषांची नावंही त्यात हवीत. एखादा विषय राहिला तर आधी कागद तपासा, मग तिचं डोकं!

आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर सध्या नवा कागद आहे. पहाटे साडेचार ते साडेसहा माझे. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. सकाळच्या पोळ्या धाकटीकडे आहेत, आणि त्या माझ्यापेक्षा मऊ होतात असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. होऊ देत बापडे!