इस्तंबूलच्या पाट्या आणि षष्ठीचा प्रत्यय

इस्तंबूलमध्ये तुर्की शिकत होते तेव्हा वर्गातले इंग्रजीभाषक विद्यार्थी विभक्तीचं नाव काढलं की धास्तावायचे. मला तिची भीती वाटली नाही. 'एव' म्हणजे घर. 'एवे' म्हणजे घरी किंवा घराकडे, 'एवदे' घरात, 'एवदेन' घरातून. शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? उलट, घोड्याला 'ला' लावायच्या आधी आपल्याला सामान्यरूप करावं लागतं. तुर्कीत मूळ शब्द बहुधा तसाच राहतो आणि प्रत्ययच त्याच्या स्वराशी जुळवून घेतो. म्हणून घरात 'एवदे', पण शाळेत 'ओकुलदा'. कान तयार झाला की हे आपोआप तोंडात बसतं.

कस लागला तो मालकीच्या प्रत्ययांपाशी. 'माझं घर' हे एका शब्दात 'एविम', माझ्या घरात 'एविमदे'. आधी अनेकवचन, मग मालक, शेवटी विभक्ती, हा क्रम ठरलेला: एव-लेर-इमिझ-देन, आमच्या घरांतून. बोलण्यातला जिव्हाळाही याच प्रत्ययात असतो. शिक्षकांना हाक मारताना आम्ही नुसतं 'होजा' म्हणत नसू. 'होजाम', माझे गुरुजी.

आणि 'आईचं घर'? मराठीत आईला 'चं' लावला की काम झालं. तुर्कीत 'आन्नेनिन एवि': आईला प्रत्यय लागतोच, शिवाय घरालाही. घर कुणाचं तरी आहे, हे घरालाही सांगावं लागतं! हे उमगलं आणि शहरातल्या पाट्या मी नव्याने वाचू लागले. पूल म्हणजे 'कोप्रु', पण पाटीवर 'गालाता कोप्रुसु'. मोठा रस्ता 'जाद्दे', पण 'इस्तिक्लाल जाद्देसि'. अशा नावांत पहिला शब्द कोराच राहतो, प्रत्यय फक्त दुसऱ्याला. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याला असं काही लागत नाही. 'पुलावर' म्हणायचं तर आणखी एक 'न' मध्ये येतो: 'गालाता कोप्रुसुन्दे'. त्या पुलावर गळ टाकून उभ्या असलेल्या माणसांच्या शेजारी मी हे पुन्हा पुन्हा पुटपुटत असे. मला तुर्कीतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

तुर्की शिकणार असाल तर विभक्ती इंग्रजीच्या आधाराने पाठ करू नका. मराठी व्याकरण शेजारी उघडून ठेवा, आणि वाचलेला वेळ मालकीच्या प्रत्ययांना द्या.