मेक्सिकोचे ऊन, बोईसरचा पाऊस

विश्वचषक फुटबॉल म्हटले की आम्हाला आजही पावसाचा आवाज ऐकू येतो. १९८६ च्या जूनमध्ये मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता सामने सुरू होत, तेव्हा इकडे बोईसरला रात्रीचे साडेअकरा झालेले असत. पडद्यावर खेळाडूंच्या सावल्या त्यांच्याच पायांशी गोळा झालेल्या आणि खिडकीबाहेर पन्हाळीतून पाणी कोसळते आहे, अशी या दोन ऋतूंची आमच्या मनात जी गाठ पडली ती अद्याप सुटलेली नाही.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली आणि नोकरीच्या निमित्ताने देशभरातली माणसे बोईसरला येऊन राहिली. आमच्या इमारतीत मलयाळी होते, बंगाली होते, गोवेकर होते. क्रिकेटवर बोलण्याचा अधिकार सर्वांना होता. फुटबॉलच्या महिन्यात मात्र आम्हा मराठी मुलांना गप्प बसून शिकावे लागे. ऑफसाइड म्हणजे काय, हे आम्हाला एका बंगाली काकूंनी पोळपाटावर वाटाणे मांडून समजावले होते.

सामने पाहायचे ते तळमजल्यावरच्या अंकलच्या घरी. अंकल मूळचे गोव्याचे, एका कारखान्यात फिटर. मुंबई शंभर किलोमीटर दूर, त्यात पाऊस. पडद्यावर खेळाडूंपेक्षा मुंग्याच अधिक. मग कुणीतरी गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन गच्चीवर जाई आणि अँटेना फिरवी. वरून प्रश्न, ‘आलं का?’ खालून उत्तर, ‘आलं, आलं... गेलं!’

२२ जूनची रात्र. अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड, उपान्त्यपूर्व सामना. मॅराडोनाचा पहिला गोल हाताने झाला की डोक्याने, यावर खोलीत रणे माजली असतानाच चित्र गेले आणि आम्हाला गच्चीवर पिटाळण्यात आले. त्या गोलानंतर चारच मिनिटांनी मॅराडोनाने दुसरा गोल केला. आपल्या अर्ध्या मैदानातून निघून, इंग्लंडचे खेळाडू एकामागून एक चुकवत, शेवटी गोलरक्षकालाही बाजूला टाकून केलेला. तो आम्ही पाहिला नाही. अंधारात ओला गज धरून आम्ही फक्त खालून उसळलेला आरडाओरडा ऐकला.

आणि तरीही आजवर अनेक मैफलींत आम्ही तो गोल ‘पाहिल्याचे’ सांगितले आहे. खोटे बोलण्याचा हेतू कधीच नव्हता. नंतर शेकडो वेळा पाहिलेली दृश्ये, दुसऱ्या दिवशी जिन्यात बसून ऐकलेली मित्रांची वर्णने आणि गच्चीवर ऐकलेली ती आरोळी, यांची शिवण इतकी बेमालूम बसली की आठवण कुठे संपते आणि सांगोवांगी कुठे सुरू होते, हे आम्हालाही सांगता येत नाही. स्मरणरंजन हा शब्द समीक्षेत आपण जरा नाक मुरडूनच वापरतो. ते भूतकाळाला रंग देते, अशी आपली तक्रार असते. आम्हाला अलीकडे वाटते की रंग देणे हा त्याचा लहान दोष आहे. कुणाची आठवण ऐकून घ्यायची आणि कुणाची नाही, हे ते परस्पर ठरवून टाकते, हा मोठा.

हे सुचले ते अंकलमुळे. दर सामन्याच्या मध्यंतरात अंकल एकच कथा काढत. मेलबर्न ऑलिंपिक, १९५६. भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या चारांतले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. नेव्हिलला अंकलनी मुंबईत कूपरेजच्या मैदानावर खेळताना पाहिले होते. मेलबर्नचे गोल अर्थातच पाहिले नव्हते. पण ते दोन्ही हातांनी हवेत असे काढून दाखवत की जणू तिथे गोलखांबामागे उभे होते. ‘तीन गोल रे, ऑलिंपिकात, आपल्या मुंबईच्या पोराचे!’ एवढ्यात दुसरा डाव सुरू होई आणि आम्ही म्हणत असू, ‘अंकल, नंतर सांगा ना.’ ते हसून गप्प होत.

पुढे कधीतरी वाचनात आले की ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू, आणि त्या वर्षी भारत चौथा आला होता. नेव्हिल १९८० सालीच वारला होता. म्हणजे आम्ही अंकलना गप्प करत होतो, तेव्हा ते एका दिवंगताची आठवण सांगत होते. हे वाचले तोवर अंकलही राहिले नव्हते.

२०२२ ची अंतिम लढत आम्ही डिसेंबरात, घरी एकट्याने, मोबाइलवर पाहिली. चित्र लख्ख होते, बाहेर पाऊस नव्हता. अर्जेंटिना जिंकली तेव्हा आनंद झाला. पण मध्यंतराची ती पंधरा मिनिटे फार लांबली. गच्चीवरून न पाहिलेला गोल आम्ही छत्तीस वर्षे सांगत आलो, कारण ऐकणारे भेटले. अंकलचाही गोल न पाहिलेलाच होता. त्यातला तिसरा ते डाव्या हाताने काढून दाखवत की उजव्या, एवढेही आम्हाला आता आठवत नाही.