अडतीस मतं

२०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप आणि दोन जीन्स घेऊन गावी आलो, ते महिन्याभरासाठी. डिसेंबर उजाडला तरी तिथेच. रेंज फक्त माळ्यावर, त्यामुळे दिवसभर मुक्काम तिथे. एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडलं. आमच्या वाडीतल्या गटाराचं काम तिथे 'पूर्ण' होतं. माळ्याच्या खिडकीतून खाली बघितलं. सांडपाणी होतं, गटार नव्हतं.

च्यायला, म्हटलं उभं राहू!

१५ जानेवारी २०२१ ला मतदान. दोन पॅनेल, दोन्हीकडे आमचीच भावकी. कुठल्याच पॅनेलात नसलेला मी एकटा. १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट असते. मी ऐटीत बी.ई.ची मार्कशीट पुढे केली. "ते राहू द्या, सातवीचं आणा." झालं, शाळेत हेलपाटा. मग घरात शौचालय असल्याचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, बँकेत वेगळं खातं. शेवटच्या दिवसांत ऑनलाइन अर्जाची साईट अशी बसली की अखेर कागदी अर्ज घ्यावे लागले. (आपल्याच बिरादरीबद्दल काय बोलणार!)

एका संध्याकाळी आप्पा आले. वडिलांचे चुलतभाऊ, एका पॅनेलचे प्रमुख. आमच्या रानाला पाणी येतं ते त्यांच्या विहिरीचं. निवडणुकीचा एक शब्द काढला नाही. चहा प्यायले, आणि उठताना वडिलांना म्हणाले, "उन्हाळ्यात पाण्याचं बघू मग."

४ जानेवारीला दुपारी तीनपर्यंत माघार घेता येत होती. वडील सकाळीच रानात गेले. जेवायलाही आले नाहीत. परतले तेव्हा साडेतीन वाजले होते.

मला चिन्ह मिळालं कपबशी. मतदारयादी एक्सेलमध्ये टाकली, 'नक्की' हिरवे, 'बघू' पिवळे. हिरवे भरले ११२. वॉर्डात तीन जागा, म्हणजे प्रत्येकाची तीन मतं. मी सगळ्यांना सांगायचो, दोन तुमच्या पॅनेलला द्या, एक मला. मला वाटायचं काय डोकं लावलंय! शेवटी एका चुलतभावाने समजावलं, "अरे, तिघांची मतं सारखी पडली नाहीत तर कोण फुटलं ते रात्रीत हुडकतात. आमची वाडी केवढी, त्यात घरं किती?" मत गुप्त असतं हे नागरिकशास्त्रात शिकलो होतो. बेरजेचं कोणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी, १८ तारखेला, तहसीलला मोजणी. आमच्या वॉर्डाचा निकाल लागायला चहा प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. अडतीस. त्यातली चार घरचीच. त्या रात्री मी यादी उघडून उरलेले चौतीस कोण असतील ते शोधत बसलो, आणि आपण काय करतोय ते लक्षात आल्यावर फाईलच उडवून टाकली.

आप्पांचं पॅनेल आलं. दारात येऊन त्यांनी मलाही गुलाल लावला. तो तसाच कपाळावर घेऊन दुपारच्या कॉलला बसलो, मॅनेजर म्हणाला, "काँग्रॅट्स!" खुलासा करायचा कंटाळा केला.

उन्हाळ्यात पाणी मिळालं. पण रात्री एक ते तीन. वडील बॅटरी घेऊन निघायचे. मी म्हणायचो, मी जातो.

"झोप तू. सकाळी कॉल असतो ना तुला."