स्थिरतेचा धडा
नोकरीतील बदलीमुळे आम्ही इंदुरास आलो, त्यास अजून वर्षही झाले नव्हते. चिरंजीवांनी शाळेच्या रोबोसाठी ‘आर्डुइनो उनो’स गतिसंवेदक जोडला: दोन तारा विजेच्या, दोन निरोपाच्या, ए४ व ए५ या पिनांवर. तरी गाडी सरळ जाईना. स्वस्थ उभी असतानाही आपण वळत आहो, असे ती समजे. आम्ही वडीलकीने तारा चाचपू लागलो. चिरंजीव म्हणाले, “बाबा, सुरू करताना त्याला हलवू नका. स्थिर म्हणजे काय, ते तो तेव्हाच शिकतो. पुढचं प्रत्येक वळण त्यावरूनच मोजतो.”

आम्ही हात मागे घेतला. गाडी सरळ गेली.

आमच्या खिशात नव्या बदलीचा हुकूम होता. त्या रात्री तो घरात वाचून दाखविण्याचा धीर आम्हांस झाला नाही.